आजीचे गाणे कोणत्या खान्यात?



मागच्या पौर्णिमेला विहारातील वंदना आटोपून आम्ही घरी परतत होतो. वाटेत वस्तीतील एका ताईंनी दारातूनच हाक मारली, "भाऊ, चहा घेऊन जावा. आन् आमच्या पेटीकडं जरा बघा, पोरं सकाळधरनं तिलाच चिकटल्यात." ताई आणि त्यांचे पती दोघेही रोजंदारीवर जातात. थोरला मुलगा पुण्यात कामाला आहे. त्याने तिथल्या जुन्या बाजारातून परदेशी बनावटीचा एक स्टिरिओ आणला होता. दोन्ही बाजूंना स्पीकर, मध्ये कॅसेटचा कप्पा, सीडीचा कप्पा आणि रेडिओ. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब आणि तथागतांचे फोटो, त्यांच्या खाली टेबलावर हा नवा पाहुणा.

मुलगा म्हणाला, "काका, ह्याच्यावर पीटीवाय असं बटण आहे. दाबलं की आपल्याला हव्या त्या प्रकारचं स्टेशन पेटी स्वतः शोधते म्हणे." त्याने बटण दाबले. छोट्या पडद्यावर इंग्रजी शब्द एकामागून एक सरकू लागले. नववीत शिकणारी धाकटी बहीण ते वाचून अर्थ सांगू लागली : बातम्या, चालू घडामोडी, माहिती, खेळ, शिक्षण, नाटक, संस्कृती, विज्ञान. पुढे पॉप संगीत, रॉक संगीत, शास्त्रीय संगीत, हवामान, अर्थकारण, मुलांसाठी, समाज, धर्म, जाझ, लोकसंगीत...

कोपऱ्यात आजी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात. अक्षरओळख नाही, पण भीमजयंतीच्या मिरवणुकीत गायलेली पन्नास गाणी तोंडपाठ. त्यांनी सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "पोरी, ह्यात बाबासायबाचं गाणं कंच्या खान्यात हाय गं?"

मुलीने भावाकडे पाहिले, भावाने आमच्याकडे. आमच्यापाशीही उत्तर नव्हते. मुलाने मग 'लोकसंगीत' निवडून शोध सुरू केला. आकडे ८७ पासून १०८ पर्यंत धावले, पुन्हा मागे आले आणि पडद्यावर 'सापडले नाही' अशा अर्थाचे शब्द उमटले. 'धर्म' लावले, तरी तेच. 'समाज' लावले, तरी तेच. आजी म्हणाल्या, "मंग कशाला आणली ही पेटी?"

आज या सदरात आम्ही आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. कारण असे स्टिरिओ आता जुन्या बाजारातून, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून आपल्या बऱ्याच घरांत आले आहेत. बटण असते, पण ते चालते कसे आणि आपल्याकडे चालत का नाही, हे कोणी सांगत नाही.

प्रथम यंत्राची गोष्ट. एफएम केंद्रावरून जे बोलणे-गाणे येते, त्यात साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर असतात. त्याच लहरीबरोबर ५७ किलोहर्ट्झच्या जागी केंद्राला आणखी एक बारीक लहर जोडता येते. आपला कान इतका वरचा स्वर ऐकूच शकत नाही, त्यामुळे गाण्यात खरखर होत नाही. या मुक्या लहरीवरून सेकंदाला ११८७.५ बिट या वेगाने अक्षरे आणि आकडे पाठवले जातात. या व्यवस्थेला 'रेडिओ डेटा सिस्टीम', थोडक्यात आरडीएस म्हणतात. युरोपातील प्रक्षेपण संस्थांच्या संघाने ती उभी केली आणि १९८४ साली तिचे नियम ठरवले.

या मुक्या लहरीवरून काय काय येते? केंद्राचे आठ अक्षरांपर्यंतचे नाव येते. घड्याळाची वेळ येते. हाच कार्यक्रम दुसऱ्या कोणत्या आकड्यावर ऐकू येतो, ते येते. आणि त्यातच एक लहानसा क्रमांक येतो, ० ते ३१ यांपैकी एक. तोच 'पीटीवाय', म्हणजे कार्यक्रमाचा प्रकार. ० म्हणजे प्रकार सांगितलेला नाही. १ म्हणजे बातम्या, ४ म्हणजे खेळ, ५ म्हणजे शिक्षण, १९ म्हणजे समाज, २० म्हणजे धर्म, २८ म्हणजे लोकसंगीत. आपण 'लोकसंगीत' निवडून बटण दाबतो, तेव्हा स्टिरिओ एकेका केंद्रावर क्षणभर थांबतो आणि विचारतो, तुझा क्रमांक २८ आहे काय? आहे म्हणाले की तिथे मुक्काम करतो, नाही म्हणाले की पुढे जातो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. स्टिरिओ गाणे ऐकून प्रकार ओळखत नाही. त्याला ढोलकी कळत नाही आणि बासरीही कळत नाही. केंद्रावरच्या माणसाने जो क्रमांक लावला असेल, तोच त्याला दिसतो. केंद्राने २८ लावून दिवसभर साबणाच्या जाहिराती वाजवल्या, तर स्टिरिओ त्याला लोकसंगीतच म्हणेल. केंद्राने काहीच लावले नाही, तर तिथे वामनदादा कर्डकांचे गीत चालू असले तरी स्टिरिओ तिथून निघून जाईल.

दुसरी गंमत पाहा. हवेतून येतो तो फक्त क्रमांक. त्याचा शब्द स्टिरिओच्या पोटात कारखान्यातच भरून ठेवलेला असतो. अमेरिकेने १९९३ साली ही व्यवस्था स्वीकारताना यादी मात्र स्वतःची केली. त्यामुळे युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या पेटीत ५ क्रमांकाला 'शिक्षण' म्हणतात आणि अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या पेटीत त्याच ५ क्रमांकाला 'रॉक' म्हणतात. युरोपात १० म्हणजे पॉप संगीत, अमेरिकेत १० म्हणजे तिथले कंट्री संगीत. तोच आकडा, तेच केंद्र, पण घरातली पेटी कोणत्या बाजारासाठी बनली यावर नाव ठरते. म्हणून जुन्या बाजारातून परदेशी स्टिरिओ घेणाऱ्यांनी पडद्यावरच्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नये. तपासून पाहावे, पडताळून घ्यावे, मग मानावे. तथागतांनी कालामांना सांगितलेली ही रीत धम्माच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच टेबलावरच्या पेटीच्या बाबतीतही खरी.

आता हे बटण वापरायचे कसे, ते सांगतो. पहिले काम एरियलचे. बहुतेक घरांत ती वायर गुंडाळून स्टिरिओच्या मागे टाकलेली असते. ती पूर्ण उलगडून खिडकीजवळ, शक्य तितकी उंच ताणून लावावी. आवाज ऐकू येण्यासाठी जेवढी लहर लागते, त्यापेक्षा ही अक्षरे वाचण्यासाठी अधिक स्वच्छ लहर लागते. आवाज येतो पण नाव येत नाही, असे झाले तर आधी वायर पाहावी. दुसरे, रेडिओ एफएमवर असावा. मीडियम वेव्हवर ही सोय नसते. तिसरे, आपल्या भागात स्वच्छ लागणारी केंद्रे एकेक करून हाताने लावावीत आणि स्मरणात, म्हणजे प्रिसेटमध्ये साठवावीत. काही स्टिरिओ प्रकारानुसार शोध घेताना फक्त साठवलेली केंद्रेच तपासतात. काहीही साठवलेले नसेल तर त्यांना काही सापडणार कसे? चौथे, पीटीवाय दाबून अधिक-उणेच्या बटणाने प्रकार निवडावा आणि पुन्हा पीटीवाय दाबावे म्हणजे शोध सुरू होतो. बटणांची नावे कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका असल्यास शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडून ती वाचून घ्यावी. मुलांचा इंग्रजीचा सरावही होतो.

ताईंच्या घरी वायर गुंडाळलेलीच होती. ती सोडवून खिडकीच्या गजाला बांधली. मग एका केंद्राचे नाव पडद्यावर उमटले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण प्रकाराच्या जागी काहीच नव्हते. म्हणजे पेटी नीट होती, वायरही नीट झाली होती, फक्त तिकडून क्रमांक येत नव्हता. आपल्या देशात सगळीच केंद्रे हा क्रमांक पाठवतात असे नाही, आणि जी पाठवतात ती प्रत्येक कार्यक्रमागणिक तो बदलतात असेही नाही.

यामागे आणखी एक कारण आहे. ज्या शहरांत पंधरा-वीस एफएम केंद्रे असतात आणि एक दिवसभर बातम्या देते, दुसरे दिवसभर जुनी गाणी लावते, तिथे हे बटण फार कामाचे. आपल्या जिल्ह्यात तसे नाही. धाराशिवला आकाशवाणीचे स्वतःचे एफएम केंद्र आहे. अशा स्थानिक केंद्रावर दिवसभरात बातम्याही असतात, शेतीही असते, महिलांचे कार्यक्रमही असतात आणि गाणीही असतात. त्याला एकच प्रकार लावायचा तर 'विविध' लावावा लागेल, आणि तोही यादीत आहे, क्रमांक ९. बातम्यांचे सांगायचे तर आपल्याकडे खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. त्यांना फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणून आपल्याकडे शोधायची असते ती वेळ. युरोपातल्या माणसाला हव्या त्या प्रकाराचे केंद्र शोधावे लागते, आपल्याला हव्या त्या कार्यक्रमाची घटका पकडावी लागते.

इथपर्यंत यंत्राचे झाले. पण आजींचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. उद्या सगळ्या केंद्रांनी क्रमांक लावायला सुरुवात केली, तर भीमगीत कोणत्या खान्यात घालणार? लोकसंगीत म्हणावे, तर ते आहेच. शाहिरी आणि जलशाच्या परंपरेतूनच ते आले. धर्म म्हणावे, तर त्यात धम्म आहे. समाज म्हणावे, तर जातिअंताचे एवढे मोठे प्रबोधन दुसऱ्या कोणत्या गाण्याने केले? शिक्षण म्हणावे, तर ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, अशा हजारो आया-बायांना बाबासाहेबांचे चरित्र गाण्यांतूनच पाठ झाले. आमच्या आजी त्याचा जिवंत पुरावा आहेत. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतूनही घराघरांत पोहोचला आणि भीमगीतांतूनही. गळा एकच, मग खाने किती करणार?

आम्ही पेशाने कारकून. दप्तरातला प्रत्येक कागद कोणत्या ना कोणत्या शीर्षाखाली घालावा लागतो. ज्याला शीर्ष सापडत नाही तो 'किरकोळ'मध्ये जातो. आणि किरकोळमध्ये गेलेला कागद पुढे कोणी शोधत नाही, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव. या रेडिओच्या यादीतही १५ क्रमांकाला 'इतर संगीत' असा एक किरकोळ खाना आहे. पॉपला वेगळा खाना, रॉकला वेगळा, जाझला वेगळा. यादी करणाऱ्यांनी आपल्या घरी जे वाजत होते त्याला जागा दिली. त्यात कोणाचे कपट होते असे आम्ही म्हणत नाही. यादी करणारा आपल्या अनुभवातूनच यादी करतो. म्हणून तर यादी करणाऱ्यांत आपला माणूस असावा लागतो.

खान्याचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. आपल्या वाडवडिलांनी धर्माच्या रकान्यात अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, आणि त्याच क्षणी केंद्राच्या सवलतींच्या रकान्यातून त्यांचे नाव निघाले. कारण अनुसूचित जातींच्या त्या वेळच्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्रीय कायद्यात दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडावे लागले. ३४ वर्षे! माणूस तोच, हाल तेच, फक्त कागदावरचा खाना बदलला. त्या ३४ वर्षांत किती जणांच्या केंद्रातल्या नोकऱ्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्या रजिस्टरात आहे?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले, त्यात हक्कांच्या मागण्यांबरोबर एक मागणी नावाची होती. 'डिप्रेस्ड क्लासेस' हे दुसऱ्यांनी चिकटवलेले, हीनपणा दाखवणारे नाव बदलावे, असे त्यांनी लेखी मागितले. आपल्याला काय म्हणावे हे आपण ठरवू, हा तो आग्रह होता.

आणि रेडिओच्या बाबतीत तर त्यांचाच दाखला आहे. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांचे आकाशवाणीवरून भाषण झाले. आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत मांडले. पण हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नाहीत, त्यांची मुळे राजकारणात नसून धम्मात आहेत आणि आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून आपण ते घेतले, असे त्यांनी स्पष्ट केले. आता विचार करा. त्या दिवशी स्टुडिओत एखादा कारकून क्रमांक लावायला बसला असता, तर त्याने त्या भाषणाला 'राजकारण' म्हटले असते. बोलणाऱ्याने स्वतः सांगितले, की नाही, याचे मूळ इथे आहे. खाना बोलणाऱ्याने सांगितला, ऐकणाऱ्यांनी मान्य केला. दोनच वर्षांनी नागपूरच्या मैदानावर त्याचा अर्थ साऱ्या जगाला कळला.

कोणी म्हणेल, रेडिओवर आपले काय चालणार? त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो आणि ते फार दूरचे नाही. आपल्या उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले, हुमनाबाद ओलांडले, की पुढे तेलंगणात झहीराबाद लागते. त्याच्या जवळ माचनूर नावाचे खेडे आहे. तिथल्या दलित शेतमजूर स्त्रियांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या साथीने १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' सुरू केला, एफएम ९०.४ वर. त्याआधी जवळपास दहा वर्षे त्यांच्याकडे यंत्रे होती, पण परवाना नव्हता. हवेत सोडता येत नाही म्हणून त्या बायका आपले कार्यक्रम कॅसेटवर ध्वनिमुद्रित करत आणि गावोगावच्या संघांच्या बैठकीत वाजवून दाखवत. २००६ साली सरकारने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले, तेव्हा कुठे त्यांना लहरी मिळाल्या. बियाणे, कडधान्ये, बाईचे आजारपण, जात्यावरची आणि शेतातली गाणी, सगळे त्यांच्याच बोलीत. त्यांचे कार्यक्रम युरोपच्या यादीतील कोणत्या खान्यात बसतात, याची त्यांनी वाट पाहिली नाही.

याला कायद्याचाही आधार आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे त्या जशा दिल्लीच्या आहेत तशा आपल्या वस्तीच्याही आहेत. आणि आकाशवाणीचे ब्रीदवाक्य तरी कोणाचे? 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय.' पहिल्या साठ भिक्खूंना धम्मप्रसारासाठी पाठवताना तथागतांनी जो उद्देश सांगितला, तोच हा. ज्या संस्थेने आपल्या दारावर बुद्धाचा शब्द कोरला, तिच्या दारात आपण संकोचाने उभे राहायचे कारण नाही. हक्काने, पण सभ्यतेने जावे.

म्हणून वाचकांना तीन कामे सांगतो.

पहिले घरचे. दोन आठवडे घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने वहीत लिहावे : कोणते केंद्र, किती वाजता, कोणता कार्यक्रम. बातम्या, शेती, नोकरीविषयक माहिती, आरोग्य, भीमगीते, बुद्धवंदना, जे जे आपल्या उपयोगाचे असेल ते. मग त्याचा तक्ता करून स्टिरिओच्या वर भिंतीला लावावा. स्टिरिओचे प्रिसेट क्रमांकही स्वतःच्या गरजेनुसार भरावेत. १ वर जिथे चांगल्या बातम्या लागतात ते केंद्र, २ वर जिथे आपली गाणी लागतात ते. हा झाला आपल्या घरचा पीटीवाय. तो कारखान्यात भरलेला नाही, आपण भरलेला आहे.

दुसरे काम पोस्टकार्डाचे. आपण जे केंद्र ऐकतो त्याला पत्र लिहावे. आवडले तर आवडले म्हणावे, कोणत्या तारखेचा कोणता कार्यक्रम ते नेमके सांगावे. कार्यक्रमाबरोबर प्रकाराचा क्रमांक पाठवता काय, आणि भीमगीतांना कोणता क्रमांक लावता, हेही विचारावे. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि महापरिनिर्वाण दिन या दिवशी काय ऐकवणार आहात, ही विचारणा महिनाभर आधी करावी. आदल्या दिवशी तक्रार करून काही होत नाही. एका पत्राने फरक पडत नाही, पण एका वस्तीतून पन्नास पत्रे गेली तर फाइल उघडावीच लागते. हे आम्ही कारकून म्हणून सांगतो.

तिसरे काम गाणाऱ्यांचे. आपल्या प्रत्येक गावात गायन पार्टी आहे. जयंतीला रात्र-रात्र गातात आणि वर्षभर गप्प बसतात. आकाशवाणी लोकसंगीताच्या कलावंतांची स्वरचाचणी घेते. तिच्यासाठी अर्ज करावा, तालीम करून जावे. नापास झाले तर पुन्हा जावे. कारण मूळ गोष्ट हीच आहे, की आपले गाणे लहरींवर गेलेच नाही तर जगातले कोणतेही बटण ते शोधून काढणार नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी २३४ शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आहे. वाहिन्या लहान शहरांपर्यंत येऊ घातल्या आहेत. त्या आल्यावर तिथे काय वाजावे, हे सांगणारे आपले लोक तयार असले पाहिजेत.

जाता जाता एका क्रमांकाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. यादीतला शेवटचा, ३१. दोन्ही याद्यांत त्याचा अर्थ एकच, धोक्याची सूचना. ज्या यंत्रांत तशी सोय आहे ती यंत्रे हा क्रमांक आला की चालू गाणे थांबवून सूचना मोठ्या आवाजात ऐकवतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप आधी सांगता येत नाही, हे खरे. पण त्यानंतर पाणी कोठे मिळेल, डॉक्टर कोठे आहेत, कोणत्या रस्त्याने जावे, हे सांगणारा आवाज लागतो. त्या वेळी वीज नसते, म्हणून स्टिरिओ मुका असतो. घरात सेलवर चालणारा एक लहान रेडिओ असू द्यावा आणि त्याचे सेल दर दोन-तीन महिन्यांनी तपासावेत. स्टिरिओ आला म्हणून जुना ट्रान्झिस्टर भंगारात देऊ नये.

गेल्या रविवारी ताईंकडे पुन्हा जाणे झाले. स्टिरिओच्या वर वहीच्या जोडपानाचा तक्ता चिकटवलेला होता. नववीतल्या मुलीचे अक्षर, तांबड्या पेनाने आखलेल्या रेघा. त्यात सर्वांत वर, बातम्यांच्याही आधी, एक रकाना होता आणि त्याचे शीर्षक 'आजीचे गाणे'. समोर वेळ लिहिली होती, पण पुढे प्रश्नचिन्ह होते. "दोन आठवड्यांत एकदाच लागलं, काका," मुलगी म्हणाली. "म्हणून मी पोस्टकार्ड लिहिलंय. तुम्ही बघून द्या, शुद्धलेखन."

आम्ही पत्र वाचले. दोन ठिकाणी वेलांटी सुधारली. बाकी एक शब्दही बदलला नाही. आजींनी पत्र हातात घेऊन उलटे-सुलटे पाहिले आणि विचारले, "ह्याला तिकीट लागतंय का रं?" पोस्टकार्डाला वेगळे तिकीट लागत नाही, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग अजून धा लिव्ह की पोरी."

वाचकहो, आजींचा हा सल्ला आपल्या सर्वांसाठीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!